ताकातला पाला

नोकरीतल्या पुष्कळ केसेस मी विसरलो. काही विसराव्यात म्हणून खटपट केली आणि ते जमलंही. ही एक मात्र अजून पाठ सोडत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता आणि मी त्या भागातल्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. कौलारू इमारत, महिन्यातले पंधरा दिवस बंद असणारी जीप आणि दारूबंदीच्या गुन्ह्यांनी भरलेलं रजिस्टर, एवढाच आमचा संसार. दारूबंदी रजिस्टरात होती आणि हातभट्ट्या ओढ्याकाठी होत्या. गूळ आणि नवसागर कुजवून काढलेली ती दारू पिऊन माणसं पिवळी पडत, पोटं फुगत आणि मरत. अशा मरणाची फिर्याद द्यायला कधी कोणी येत नसे. म्हणूनच सेनगावकडच्या एका गावातला तरुण थोरल्या भावाच्या मरणाची फिर्याद घेऊन आला, तेव्हा मी कान टवकारले.

"सायेब, भाऊ दारूनं न्हाई मेला. वहिनीनं मारला त्याला," तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या तोंडाला आदल्या दिवशीच्या दारूचा वास येत होता. "रोज सकाळी हिरवं कायतरी वाटून त्याच्या ताकात कालवत व्हती. म्या डोळ्यानं पाहिलं."

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

"वाटलं, घरची दवा आसंल. आता भाऊच गेला की."

आमच्या खबऱ्याने दुजोरा दिला. बाई उजाडताना एकटीच बांधावर जाते, पदराखाली काहीतरी झाकून आणते, कोणी विचारलं तर उत्तर देत नाही. मला तेवढं पुरलं. खुनाची केस हाती लागली की नव्या फौजदाराचे पाय जमिनीवर राहत नाहीत. माझेही राहिले नाहीत.

प्रेत अजून घरातच होतं, त्याचा पंचनामा झाला. घरात पाटा-वरवंटा सापडला, त्याच्या खाचांत हिरवा चोथा वाळून बसला होता. तो जप्त केला. शवविच्छेदन करणारे डॉक्टर वयस्कर होते. ते म्हणाले, "यकृत आकसून दगड झालंय, पोटात पाणी आहे. मला विचाराल तर दारूच. पण विषाचं मी इथं बसून सांगू शकत नाही." व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवला. तिकडून अहवाल यायला कित्येक महिने लागत. मी थांबलो नाही. बाईला अटक केली आणि कोर्टातून पोलीस कोठडी घेतली.

ती पंचविशीतली असेल. महिला पोलीस तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा मोजक्याच, त्यामुळे आमच्या हवालदाराची बायको तिच्या सोबतीला बसवली. तीन दिवस मी तिची चौकशी केली. तिने आपलं नाव, गाव, नवऱ्याचं नाव सांगितलं. ताकात काय कालवत होतीस, असं विचारलं की मान खाली.

"विष होतं का?"

"न्हाई."

"मग काय होतं?"

गप्प. ओरडून पाहिलं, टेबलावर दंडुका आपटून पाहिला. तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मी हवालदाराला मोठ्या ऐटीत म्हणालो, "निर्दोष माणूस एवढा गप्प बसत नसतो." त्यांची नोकरी माझ्या वयाएवढी. ते म्हणाले, "साहेब, हिला स्वतःची भीती वाटत असती तर पहिल्याच दिवशी बोलली असती." मी ते कानाआड केलं.

चौथ्या दिवशी तिची सासू एसटीने ठाण्यावर आली. फडक्यात भाकरी बांधलेली. मला वाटलं, पोराच्या खुनाबद्दल सुनेला शिव्या द्यायला आली असेल. म्हातारी माझ्या टेबलासमोर जमिनीवर बसली.

"तिला सोडा, सायेब. दोघंबी लेक एकाच गाडग्यातलं ताक पीत व्हते. थोरला गेला, धाकटा जिता हाय. ईख असतं तर धाकटाबी गेला नसता का?"

फिर्याद देणारा तो धाकटाच. मी खुर्ची पुढे ओढली आणि तिने सगळं सांगितलं. दोन्ही मुलांना दारूने धरलेलं. थोरल्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले तेव्हा सुनेने शेजारच्या तांड्यावरच्या एका म्हाताऱ्याचे पाय धरले. त्याने तिला बांधावरचा एक पाला दाखवला आणि अट घातली. पैसा घ्यायचा नाही, द्यायचा नाही, पाल्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, ज्याला देते त्यालाही सांगायचं नाही. नाव घेतलं की गुण गेला. आमच्याकडे काविळीचं औषध देणारे सगळेच ही अट पाळत.

"थोरल्याला गुण आला व्हता. डोळे निवळले, भूक लागाया लागली. त्याला वाटलं आपून बरे झालो, मंग दुप्पट प्यायला लागला. धाकट्याला मीच कोथमीर घातलीय म्हणून त्यातलं ताक देत व्हते, त्याला कायबी ठावं न्हाई. म्हणून गप बसले. एक तर गेला, माझ्या तोंडानं दुसराबी जाईल, सायेब."

"पाल्याचं नाव काय?"

"ते म्या न्हाई सांगणार."

म्हणजे ती तरुण बाई खुनाच्या आरोपाखाली तीन दिवस तोंड मिटून बसली होती ती ज्या दिरासाठी, त्यानेच तिला आत घातलं होतं. मला इथेच थांबता आलं असतं. म्हातारीचा जबाब नोंदवायचा, जामिनाला विरोध करायचा नाही आणि अहवालाची वाट पाहायची. पण मला केस चोख हवी होती. पाला नमुना म्हणून जप्त करून तपासणीला पाठवायचा होता. मी बाईला समोर बोलावलं.

"सासूने सगळं सांगितलंय. आता पाला दाखव आणि नाव सांग."

"सायेब, माझ्या दिराचा, त्या लेकराचा जीव हाय त्यात," ती म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा ती एवढं बोलली.

मी म्हणालो, "नाव सांगितलं नाहीस तर उद्या सासूलाही तुझ्यासोबत आरोपी करतो."

असं करायचा माझा विचार नव्हता. धमकी लागू पडेल हे मात्र मला ठाऊक होतं, आणि ती लागू पडली.

दोन पंच, फिर्यादी दीर आणि म्हातारी यांना घेऊन आम्ही बाईबरोबर बांधावर गेलो. तिने खाली वाकून वीतभर उंचीचं रोप उपटलं आणि माझ्या हातात दिलं. मी म्हणालो, पंचनाम्यात 'एक झाड' असं लिहिता येत नाही. तिने एकदा दिराकडे पाहिलं. मग म्हणाली, "भुईआवळी." आणि तिथेच बसून रडायला लागली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती, हे सासूने मला नंतर सांगितलं.

दिराला काही कळेना. म्हातारी त्याच्या अंगावर ओरडली, "तुज्याबी ताकात हेच व्हतं, मुडद्या! तीन म्हैने!" वहिनीकडे पाहायची त्याची हिंमत झाली नाही.

तिला जामीन मिळाला. पुढे अहवाल आला, विष कुठेही नव्हतं, व्हिसेऱ्यातही नाही आणि पाल्यातही नाही. मी क समरीचा, म्हणजे गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचा, प्रस्ताव पाठवला, केस बंद झाली आणि साहेबांनी तपासाबद्दल शाबासकी दिली. डॉक्टरांना मी सहज विचारलं, हा पाला खरंच उपयोगी असतो का? ते म्हणाले, "भुईआवळी यकृताला बरी, जुनी माणसं काविळीत देतातच. पण वरून रोज दारू ओतायची म्हणजे घराला खालून आग लावून छपराला ठिगळ लावणं झालं."

वर्ष-दीड वर्षाने एका चोरीच्या तपासासाठी त्या गावात गेलो, तेव्हा मुद्दाम त्या घरी थांबलो. अंगणात म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, तिने मला ओळखलं नाही. सून बाहेर आली. दीर दोन महिन्यांपूर्वी गेला होता. त्या प्रकारानंतर महिनाभर त्याने दारूला हात लावला नव्हता. मग पुन्हा भट्टीकडे पाय वळले. ही मात्र शेवटच्या दिवसापर्यंत त्याला पाला वाटून देत राहिली.

मी म्हणालो, "दारूने गेला तो. तुझा यात काही दोष नाही, बाई."

"दारू तर पहिलेबी पीत व्हता, सायेब. तवा जगला की. म्या नाव घेतलं अन् गुण गेला."

मी तिला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, यकृताचं सांगितलं, दोन्ही भावांचा आजार एकच होता हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. निघताना तिने रीतीप्रमाणे चहाचं विचारलं आणि मी नको म्हणालो.

पुढच्या नोकरीत समोरचा माणूस गप्प बसला की मी आधी स्वतःला विचारायचो, हा कोणासाठी गप्प आहे? त्यातून काही गुन्हे उघडकीला आले, काही निरपराध वाचलेही असतील. पण हे शहाणपण मला तिच्या जिवावर मिळालं. खुनाच्या आरोपातून मी तिला सोडवलं असं सरकारी कागद सांगतो. दिराला आपणच मारलं, हे तिच्या मनात कायमचं घातलं तेही मीच, पंचनाम्यातली एक ओळ पुरी करण्यासाठी.