बादलीभर गांडुळं

हर्सूल तलावाच्या वरच्या माळावर राखाडी गांडुळाची एक जात पूर्वी सापडली होती. दुसरीकडे कुठेही नाही. ती अजून तग धरून आहे की नामशेष व्हायला आली आहे, हे ठरवण्याचं काम आमच्या गटाकडे होतं. दोन पावसाळे खणूनही ती मिळाली नाही, आणि एकदा रात्री जेवताना मी ते घरात बोलून दाखवलं.

तेव्हा वैजापूरच्या माझ्या थोरल्या जाऊबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. येताना त्यांनी माझ्या कुंड्यांसाठी खताची बादलीभर गांडुळं आणली होती. सकाळी माळावर त्या माझ्यासोबत आल्या. मी खुरपं काढेपर्यंत त्यांनी बादली आमच्या आखलेल्या चौकोनात उलटी केली.

"काल लई हिरमुसली होतीस," त्या म्हणाल्या. "घे, आता मोज."

"ताई, ही लाल गांडुळं बाहेरून आणलेली. मला इथलीच हवीत."

त्यांचा चेहरा पडला. मग पदर खोचून त्या माझ्याशेजारी बसल्या आणि एकेक लाल गांडूळ वेचून परत बादलीत टाकू लागल्या. दुपारपर्यंत आम्ही माती चाळली. राखाडी एकही निघालं नाही.

"आता काय लिहिणार? संपलं म्हणून?"

"इतक्यात तसं लिहिता येत नाही. माहिती अपुरी, असं लिहीन."

"म्हणजे असू शकतं."

"हो, असू शकतं."

"मग पुढच्या पावसाळ्यात मी येते खणायला."

"या ताई. फक्त बादली रिकामी आणा."