एकसष्ट

एक्सरेकाकांनी तीस वर्षं इस्पितळात लोकांची हाडं पाहिली. "श्वास धरा, हलू नका," हे त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की त्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत आम्ही शेजारी गाल फुगवून उभे आहोत. काकू म्हणायच्या, "यांना 'धरा' तेवढं आठवतं. 'सोडा' आपलं आपणच म्हणायचं!"

निवृत्तीनंतर काकांना वटवाघळांनी झपाटलं. उत्तरेत थंडी सुरू झाली, की दक्षिणेला निघालेली ती चिमुकली मंडळी महिनाभर आमच्या जुन्या पुलाच्या सांध्यांत मुक्काम ठोकायची. दिवस मावळताना ती बाहेर पडली, की काका खालून फोटो काढत. मग तो मोठा छापून एकेका ठिपक्यावर टाचणी टोचत मोजणी. काकूंच्या शिवणाच्या डब्यात औषधालासुद्धा टाचणी उरली नव्हती.

यंदा ते सांधे बुजवायचं ठरलं. पुलाचा इंजिनियर भला माणूस. म्हणाला, "काका, पाहुणे गेले की कळवा. तुमच्या शब्दाशिवाय कामाला हात लावणार नाही."

काकांची मान ताठ झाली. तीस वर्षांत एकाही डॉक्टरने त्यांना असं विचारलं नव्हतं.

ठिपके कमी होत गेले. चारशे, दोनशे, सत्तर. मग एकाएकी कडाक्याची थंडी पडली आणि सलग तीन संध्याकाळी फोटोत नुसतं आभाळ. काकांनी तिन्ही फोटो नेऊन दिले, खाली 'एकही नाही' असं लिहून झोकात सही केली. दुसऱ्या दिवशी वरून सांध्यांत डांबर भरलं आणि खालची फटही बुजवली.

पाच दिवसांनी ऊन पडलं. काका सवयीने पुलाखाली गेले, सोबत मी. एकदम त्यांनी माझा दंड घट्ट धरला. वरून, सांध्याच्या आतून, बारीक खरवडल्याचा आवाज येत होता. थंडीत ती बाहेर पडलीच नव्हती. अंग आखडून आत निजून राहिली होती.

"जन्मभर माणसांच्या आत बघितलं रे," काका पुटपुटले, "आणि इथं नुसता बाहेर बघत बसलो."

इंजिनियर धावत आला, सांधा फोडायला लावला. नऊ उडाली. बाकीची मजुरांनी घमेल्यातून खाली आणली. वाळक्या पानांसारखी.

"काका, चूक माझीही आहे."

"सही माझी आहे."

काकांनी कॅमेरा उघडलाच नाही. उकिडवे बसून बोटाने मोजत गेले. एकसष्ट. पुन्हा मोजली. एकसष्टच. म्हणजे सत्तरची शेवटची मोजणी अगदी बरोबर होती.

विसरलेला मफलर घेऊन काकू मागून आल्या, तेव्हाही ते तसेच बसले होते, ओठ घट्ट मिटून.

"अहो," त्यांच्या पाठीवर हात ठेवत काकू म्हणाल्या, "सोडा आता श्वास."