म्हशीचा रुसवा

गोवा राज्य झालं त्या सुमारास सर्वण गावात आमच्या शेजारच्या वयनींच्या गोठ्यामागे गोबर गॅसची टाकी बसली. शेगडीची आच मंदावली की वयनी टाकीला दोष देत नसत. "म्हस रुसली आज," म्हणत, आणि भात तसाच ठेवून आधी गवत घालायला जात. गॅस असा चुचकारून वाढतो का, याचं मला भारी कुतूहल.

"मग आता रॉकेल कायमचं सुटलं?" मी एकदा विचारलं. त्या हसत शेगडीची आच बघायला वाकल्या.

चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलं आणि आच पुरेना. वयनींनी खाटेखालचा रॉकेलचा स्टो ओढला. पेटवण्याआधी मात्र गोठ्याकडचं दार हळूच लावून घेतलं.

मी बघतोय म्हटल्यावर कुजबुजल्या, "म्हशीक वास गेलो तर तिका वायट वाटात."