मास्तरांनी सोडलेलं बोटभर कापड

टीव्हीवर दोन देशांचे मंत्री हस्तांदोलन करताना दिसले, की मी चॅनल बदलतो. बायको म्हणते, "तुमाले काय त्रास होऊन राहिला त्याचा?" नीट सांगता येत नाही. एका जागी बसवत नाही, एवढं खरं.

इतवारीच्या बाजारात माझं शर्ट शिवायचं छोटं युनिट होतं. सहा मशिनी आणि कटिंगला एक मास्तर. मास्तर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. कात्री धरायला मी त्यांच्याकडेच शिकलो. त्यांची एक रीत होती. बगलेपासून खाली, शिवणीच्या आत, ते बोटभर कापड जास्तीचं सोडत. माणूस पुढं सुटला की शिवण उसवायची, शर्ट ढिला करायचा आणि आणखी दोन वर्षं घालायचा. गिऱ्हाइकंही "आत कापड सोडलं ना?" असं विचारूनच पिशवी उचलत.

मग एक दिवस आमच्या नेहमीच्या दुकानदारानं माझ्यासमोर बांगलादेशचा शर्ट टाकला. दोन देशांचा करार झालेला, त्यामुळे तिकडच्या कपड्यांवर आयातीची ड्युटी लागत नाही, म्हणे. मी तो उलटा करून शिवण न् शिवण पाहिली. खोट काढायचीच होती मला. निघाली नाही. आत जास्तीचं कापड नव्हतं, पण इतक्या स्वस्त भावात कोण उसवत बसतो, नवाच घेतो. "भाऊ, तुमचा माल चांगलाच आहे," दुकानदार म्हणाला, "पण ठेवू कुठं, सांगा."

दोन दिवाळ्या कशाबशा ओढल्या. कारागीर एकेक करून गेले. मास्तर मात्र रोज नऊला हजर. काम नसलं तर टेबल पुसायचे, कात्रीला तेल द्यायचे. त्यांना "आता घरी बसा" म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. रोज घरून ठरवून निघायचो आणि रोज दोन चहा सांगून मोकळा व्हायचो. चिडायचो मात्र सगळ्या जगावर, त्या बिचाऱ्या चहावाल्यावरसुद्धा.

आणि गंमत बघा. त्याच सुमारास माझ्या मुलीला हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली. शर्टांच्याच कारखान्यात, कटिंगची सुपरवायझर! त्यांचा माल एका आखाती देशात जायचा. त्या देशाशीही करार झाला, तिकडची ड्युटी उठली आणि ऑर्डरी धडाधड वाढल्या. म्हणजे ज्यानं बापाचं बसलं, त्यानंच पोरीचं चाललं. शिव्या द्यायच्या तरी कोणाला? तिकडंही कोणी माझ्यासारखा टाळकं फिरलेला माणूस पोरीचा शर्ट उलटा करून पाहत असेल, असं डोक्यात यायचं आणि झोप उडायची.

शेवटी मी तिलाच म्हणालो, "मास्तरांले घे तुमच्याकडं."

ती म्हणाली, "बाबा, तिथं नमुन्याबाहेर एक सूत चालत नाही. त्यांले जमन?"

"जमन! काहून नाही जमन?" मी ओरडलोच तिच्यावर. मास्तर तिच्याकडे लागले त्या दिवशी मी सुटलो, हे कबूल करतो.

पंधरा दिवस बरे गेले. मग त्यांना मोठ्या टेबलावरचं काम दिलं. पुठ्ठ्याचा नमुना ठेवायचा, खडूनं आखायचं, आणि खालचे थरच्या थर मशीन कापते. मास्तरांनी सवयीनं नमुन्याबाहेर बोटभर सोडलं. प्रत्येक आखणीत. शेवटी मोजून आलेलं कापड कमी पडलं. बाजारातून आणून भागवावं, तर तीही सोय नाही. कापड कुठलं याचा कागद लागतो, तरच तिकडं ड्युटी माफ. ऑर्डर अडकली.

"असं काहून केलं?" मुलीनं विचारलं, तर मास्तर म्हणाले, "तिकडचे लोक काय जाडे होत नाहीत वं?"

हे तिनं घरी सांगितलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो. ती हसली नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मालक म्हणाला, तुम्ही आणलं, तुम्हीच सांगा. सांगितलं मी. उद्यापासून येऊ नका म्हणून." मास्तर जाताना तिला 'मॅडम' म्हणाले, म्हणे. लहानपणचे तिचे सगळे फ्रॉक त्यांनीच कापले होते.

माझं डोकंच फिरलं. आजोबाच्या वयाचा माणूस, जरा सांभाळून घेतलं असतं, दोरे कापायला बसवलं असतं, आठ दिवस तरी थांबायचं! मी येरझाऱ्या घालत बोलतच राहिलो. ती मोरीपाशी डबा घासत होती. तिचा हात थांबला. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "बाबा, तुमी काढलं असतं ना त्यांले, तर मले काढा लागलं नसतं."