बोल्झानोला नळ किती दिसाआड येतो?

आमच्या माहेरी किस्से साठतात, त्याला कारण मागांचा आवाज. बेळगावच्या वडगावातलं आमचं घर म्हणजे खाली चार यंत्रमाग आणि वर माणसं. दिवसभराच्या खटखटाटात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. मग ज्याला जे बोलायचंय ते तो पोटात धरून ठेवतो, आणि दुपारी जेवायला माग थांबले की सगळे एकदम सुरू होतात! मी लग्न होऊन टिळकवाडीत आले, इथल्या हायस्कुलात शिकवते, पण माहेरचं रविवारचं जेवण सोडत नाही. ते जेवणासाठी नाही, हे आमच्या वहिनीलाही ठाऊक आहे.

गेल्या वर्षी कितीतरी रविवार एकच विषय चालला. माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे अण्णाची पल्लवी टेक्सटाइल डिझाइन शिकते. तिच्या कॉलेजातून एक सेमिस्टर युरोपात जायला मिळणार होतं, तेही स्कॉलरशिपवर. तीन शहरं होती. फ्रान्समधलं लिऑं, बेल्जियममधलं घेंट आणि इटलीतलं बोल्झानो. शहर आपण निवडायचं, मग तिथली माणसं व्हिडिओवर इंटरव्ह्यू घेणार.

पल्लवीच्या मनात बोल्झानो भरलं होतं. पण अण्णानं होकार दिल्याशिवाय ती पाऊल उचलणार नव्हती, आणि अण्णा काहीच बोलत नव्हता. त्याची कसर बाकीच्यांनी भरून काढली!

*

सुरुवात आमच्या आईनं केली. आमच्याकडं मुलगी द्यायची झाली की पहिला प्रश्न पोराच्या पगाराचा नसतो, पाण्याचा असतो. आईनं तोच लावला.

"पाणी कुठलं गं तिथं?"

पल्लवीनं मोबाईलवर तिन्ही शहरांच्या नद्या दाखवल्या. आईनं चष्मा लावून नीट बघितल्या.

"नद्या बऱ्या हाईत. नळ किती दिसाआड येतो?"

"आजी, रोज येतो. चोवीस तास."

"चोवीस तास?" आईचा घास हातातच राहिला. "मग 'पाणी आलं गं' म्हणून शेजारीण हाक कवा मारणार?"

"न्हाय मारत तिथं कोण."

"बघा! पोरगी एकटी पडंल." आणि आईनं एका दमात तिन्ही शहरं नापास केली. आम्ही हसलो, पण खरं सांगते, पल्लवीच्या काळजीचा सगळ्यात शहाणा प्रश्न त्या दिवशी आईनंच विचारला होता.

*

दुसरा रविवार वहिनीच्या भावाचा. हे मामा बोरगावचे. त्यांची पद्धत वेगळी. गाव कुठलंही असो, "तिथं आपलं कोण हाय?" एवढंच ते बघतात. इटलीत आपलं कुणी निघेना. मग निपाणीत कुणाच्या तरी जावयाचा मित्र जर्मनीत असल्याचा शोध लागला, आणि मामांनी जेवता जेवता त्याला फोन लावला. स्पीकरवर!

"आमची भाची तुमच्याकडं यायलीया बघा."

तिकडचा पोरगा गडबडला. "कुठं येणार आहे?"

"इटलीला."

"काका, मी जर्मनीत आहे. आठ तास लागतात रेल्वेनं."

"आठ तासच? आमची माणसं लग्नाला मुंबईला जाऊन येत्यात की. जवळच हाय!"

वहिनीनं कपाळाला हात लावला. मलाही आता फोन ठेवला जाणार असंच वाटलं. पण तो अनोळखी पोरगा म्हणाला, "येऊ दे तिला. मी उतरवून घ्यायला स्टेशनवर येतो. आणि काका, निपाणीहून कायतरी पाठवता आलं तर... कांदालसूण चटणी चालंल."

मामांनी आमच्याकडं असं बघितलं की आम्ही पुढची भाकरी मुकाट्यानं खाल्ली.

*

लिऑंचं घोडं मीच पुढं दामटत होते. रेशमाचं जुनं शहर, साड्या विणणाऱ्याची लेक, आणखी काय पाहिजे? वर्गात उभी राहून बोलावं तसं मी भाषण ठोकलं. पल्लवीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"आत्या, रेशीम मी घरात बघितलंय. मला बोल्झानोचं नवल वाटतंय. तिथं जर्मन आणि इटालियन, दोन्ही भाषा चालतात. गावाला नावं पण दोन. दुकानात एका भाषेत सुरू करायचं, समोरच्याचं तोंड बघून दुसरीत जायचं."

सूतवाल्याशी कन्नड, माग दुरुस्त करणाऱ्याशी हिंदी आणि घरात मराठी बोलत वाढलेली पोरगी ती. तिला दुसरं कुठलं शहर आवडणार होतं! मला तिचं फार कौतुक वाटलं आणि मी लिऑं तिथंच सोडून दिलं.

तेवढ्यात वहिनीनं भात वाढता वाढता विचारलं, "पाट्या पण दोन्ही भाषेत असत्यात?"

"व्हय."

"मग वरती कुठली असती?"

अख्ख्या युरोपात हा प्रश्न कुणाला पडला नसेल. मराठी-कन्नड पाट्यांवरून भांडणाऱ्या आमच्या बेळगावात मात्र तो शेंबड्या पोरालाही पडतो! त्या दिवशी अण्णासुद्धा हसला. बोलला मात्र नाही.

*

अण्णाच्या न बोलण्याविषयी सांगायला हवं. मागाच्या आवाजात जन्म गेल्यामुळं आमच्या घराची एक हातांची भाषा आहे. कात्रीसारखी दोन बोटं हलवली की 'धागा तुटला, थांब.' ओठांवरून हात फिरवला की 'जेवायला चला.' छातीसमोर पंजा गोल गोल फिरवला की 'चालू ठेव, थांबू नको.' एका लग्नात बँड कानठळ्या बसवत होता, तेव्हा मांडवाच्या ह्या टोकाला वहिनी आणि त्या टोकाला अण्णा, दोघांनी हातवारे करत घरचा गॅस बंद केला की नाही, इथपासून नवरीच्या साडीचा काठ कुणाच्या मागावरचा, इथपर्यंत सगळं बोलून घेतलं. बँडवाला वाजवायचं सोडून बघत राहिला!

म्हणजे अण्णाला बोलायला शब्द लागतात असंही नाही. पण पल्लवीच्या बाबतीत त्याचे हातही गप्प होते. एकदा मी धीर करून विचारलं, "अण्णा, तू काय म्हणत का न्हाईस? पोरगी वाट बघायलीया."

त्यानं मोबाईलवरचा बोल्झानोचा फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मागचा बर्फाचा डोंगर बघितला.

"थंडी लई असंल," म्हणाला, आणि उठून खाली गेला. पाठोपाठ माग सुरू झाले. बोलणं नको झालं की अण्णा माग सुरू करतो. त्यापुढं कुणाचं चालत नाही.

पल्लवीचे डोळे भरले. मला अण्णाचा राग आला, आणि भीतीही वाटली. हा माणूस नाही म्हणणार, आणि तेही न बोलता म्हणणार!

"तू बोल्झानो कळवून टाक," मी पल्लवीला म्हटलं. "इंटरव्ह्यू तर दे. पुढचं बघू."

*

इंटरव्ह्यू टिळकवाडीत माझ्या घरी ठरला होता, शांततेसाठी. त्याच सकाळी आमच्या रस्त्यावर खोदकाम झालं आणि इंटरनेटची केबल तुटली. मी फोन करून पल्लवीला घरीच थांबायला सांगितलं आणि रिक्षा करून वडगावला धावले. पल्लवी वरच्या खोलीत इस्त्रीचा ड्रेस घालून, लॅपटॉप उघडून बसली होती. खाली चारही माग दणदणत होते.

जेवणाची वेळ सोडली तर आमच्या गल्लीत माग दोनच कारणांनी दिवसा बंद राहतात. अमावास्या, नाहीतर गल्लीत कुणाचं तरी मयत. वहिनी आणि मी जिन्यात उभ्या. अण्णाला सांगायचं कुणी?

त्यानं वर आमच्याकडं बघितलं. मग एकेक करून चारही माग बंद केले.

समोरचे परशुराम काका खांद्यावर टॉवेल टाकून, चेहरा पाडून धावत आले. आमच्या आईच्या वयाकडं बघता त्यांना वेगळीच शंका आली असावी! तेवढ्यात आई स्वतःच दारात आली आणि त्यांना चहा विचारला. अण्णा हळू आवाजात म्हणाला, "पल्लवीचा इंटरव्ह्यू हाय."

काका परत गेले आणि त्यांचे माग थांबले. मग शेजारचे. मग पलीकडचे. लांब कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. माग चालायच्या वेळेला आमच्या गल्लीत मी ती पहिल्यांदा ऐकली.

वर इंटरव्ह्यू सुरू झाला. मी खोलीतच, पडद्यावर दिसणार नाही अशी बाजूला उभी. पल्लवी मागाच्या घरातली पोरगी, सवयीनं खच्चून ओरडून बोलली. पडद्यावरच्या बाई दचकून खुर्चीत मागं सरकल्या! मग हसून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "आमचंच शहर का?"

ह्याचं उत्तर पल्लवीनं आम्हाला कितीतरी रविवार ऐकवलं होतं. आता तिला एक शब्द सुचेना. टेबलाखाली तिची दोन बोटं कात्रीसारखी हलत होती.

मी मागं वळून बघितलं. अण्णा दारात येऊन उभा होता. इंग्रजीतलं एक अक्षर त्याला कळत नव्हतं. अख्ख्या गल्लीतले माग बंद होते, आणि तो लेकीकडं बघत, छातीसमोर पंजा गोल गोल फिरवत होता.