नाव बदलले आहे

चूक माझी होती. ती निष्काळजीपणाने नव्हे, हौसेने झाली.

मी नांदेडला कायदा शिकवतो. शाळेतल्या पोषण आहारात शिवाशिव अजून कशी टिकून आहे, यावर शेवटच्या वर्षाची मुलं माझ्या हाताखाली अहवाल करत होती. देगलूर तालुक्यातल्या एका गावात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या विधवा बाईने आमच्या एका विद्यार्थिनीला सगळं सांगितलं. काही घरची पोरं तिच्या हातचं खात नाहीत, घरून डबा आणतात, मुख्याध्यापक बघून न बघितल्यासारखं करतात. "फकस्त माझं नाव लिहू नको माय," एवढंच तिचं मागणं.

आम्ही नाव बदललं, कंसात तसं नमूदही केलं. गावाचं नाव मात्र मी ठेवलं.

"सर, त्या गावात खिचडी शिजवणारी एकच बाई हाय," विद्यार्थिनी म्हणाली.

"गाव काढलं तर उरेल काय? शाळकरी निबंध!"

वर्ग हसला. ती खाली बसली.

लातूरच्या चर्चासत्रात अहवालाचं कौतुक झालं. थोड्याच दिवसांत तो गावातल्या मोबाइलवर फिरू लागला. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा शाळेच्या समितीने तिच्या जागी दुसरी बाई ठेवली होती. माझ्या विद्यार्थ्यांनी निवाडे शोधले, शिक्षण विभागाकडे अर्ज केले. उत्तर एका ओळीचं आलं: सदर महिला मानधनावर होती, तिला काढल्याचा कोणताही आदेश नाही. आदेशच नाही, तर आव्हान कशाला देणार? इतकी वर्षं शिकवलेला कायदा त्या ओळीपाशी संपला.

बाईने विद्यार्थिनीचा फोन उचलणं बंद केलं. दगा तिनेच दिला, असं बाईला वाटत होतं. मला ते कळलं होतं. तरी मी वर्षभर गप्प राहिलो.

शेवटी गेलो. बाई दुसऱ्याच्या रानातून नुकतीच परतली होती. मला बघून दारातच थांबली. मी त्या विद्यार्थिनीचा सर, असं सांगितलं.

"त्या पोरीनं गोड बोलून लिहून नेलं. आता तुमी काय न्यायला आलाव, सायेब?"

"अहवालाच्या मांडणीत काही त्रुटी राहिल्यामुळे..." मी सुरुवात केली.

"माणसावानी बोला की."

"मावशी," मी म्हणालो, "त्या पोरीनं मला अडवलं होतं. गावाचं नाव मी लिहिलं, तिनं नाही. तुमचं काम माझ्यामुळं गेलं आणि ते मला परत आणून देता येत नाही. मला माफ करा."