नासपतीसाठी विनवणी

फेब्रुवारी संपत आला की आमच्या गावात कापाकापी सुरू होते. द्राक्षवेलीच्या प्रत्येक फांदीवर दोन डोळे ठेवून बाकी सगळं छाटायचं. खोडांना चुना फासायचा. उंदरांच्या बिळात धूर कोंडायचा आणि बाहेर येईल त्याला फावड्यानं ठेचायचं. शेजारची नेदामावशी हे सगळं एकटी करायची. वय अडुसष्ट. डावं मनगट वाकडं जुळलेलं, कारण नवऱ्यानं, झ्लातीनं, ते एकदा दारात चेपलं होतं.

आणखी एक रीत होती. जे झाड फळत नाही, त्याला रस चढायच्या आत कुऱ्हाड दाखवायची. एकानं तीनदा उगारायची आणि दुसऱ्यानं दर वेळी मध्ये पडून म्हणायचं, "मारू नको, यंदा देईल." झाड घाबरून फळतं म्हणे. झ्लातीनं लग्नाच्या वर्षी लावलेली नासपती अशीच हट्टी होती. दरवर्षी तो कुऱ्हाड उगारायचा, मावशी विनवायची. त्याच अंगणात तो तिला पट्ट्यानं झोडायचा, तेव्हा मात्र मध्ये कोणी पडत नसे. आम्हीही नाही. माझे वडील, गेंचो, रेडिओचा आवाज वाढवायचे.

गेल्या वर्षी झ्लातीला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, डाव्या हातात काठी आली. यंदा छाटणीच्या एका सकाळी तो नासपतीखाली खुर्चीत बसून हुकूम सोडत होता आणि मावशी जवळचाच वेल छाटत होती. एक डोळा जास्त उडाला. झ्लातीनं काठी हाणली ती नेमकी त्या मनगटावर. कातर पडली. ती उचलायला मावशी वाकली, तर दुसरी कपाळावर.

मावशीनं बाहीला रक्त पुसलं, खोपटात गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली. वडील आणि मी कुंपणाशी चुना कालवत होतो. आम्हाला वाटलं, आता हा संपला. झ्लातीनंही पाय आखडून घेतले.

"रीत राहिलीय," ती म्हणाली. "यंदा मी उगारते. तू विनव."

"चळ लागला का, थेरडे? ठेव ती."

तिनं उगारली नाही, घातलीच. ढलपी उडून त्याच्या मांडीवर पडली. त्यानं तिच्या आईचा उद्धार केला. तिनं दुसरा घाव घातला. शब्द तुला पाठ असतील, बेचाळीस वर्षं ऐकतोयस, असं म्हणाली. तो थुंकला. तिनं तिसऱ्यांदा कुऱ्हाड उचलली.

"मारू नको, वहिनी," माझे वडील कुंपणावरून म्हणाले. "यंदा देईल."

मावशी वळली. कपाळावरचं रक्त भुवईपर्यंत आलं होतं.

"गेंचो, तुला येतात होय हे शब्द?"

वडील खाली वाकून पुन्हा चुना कालवू लागले.

मावशीनं झ्लातीला खुर्चीसकट ओढत भिंतीपाशी नेलं आणि परत येऊन झाडाला भिडली. दुपारपर्यंत घाव चालू होते. शेवटी नासपती कडकडत आडवी झाली ती आमच्या कुंपणावर. चार फळ्यांचा चुरा झाला.

मावशी धापा टाकत भिंतीला टेकली, तोच झ्लातीची काठी पुन्हा वर गेली. या वेळी वडील त्या भगदाडातून पलीकडे गेले आणि त्यांनी काठी हवेतच धरली. झ्लाती त्यांच्या हाताला चावला. वडिलांनी मूठ पिळली, बोटं सुटेपर्यंत पिळली. मग काठी मावशीपुढे धरली.

तिनं ती वाटाण्याच्या वाफ्यात वेलांना आधार म्हणून नेऊन रोवली, दगडानं ठोकून घट्ट केली. वडील फळ्या गोळा करू लागले, तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, "कुंपण एवढ्यात बांधू नकोस."